परतीचें तिकीट

सहल ही सकाळीं निघून रात्रीं घरीं परतण्याइतकीच लांबीची असावी, असें माझें मत दिवसेंदिवस पक्कें होत चाललें आहे. ज्या प्रवासासाठीं पेट्या भराव्या लागतात, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागते आणि दूधवाल्याला आगाऊ बजावून ठेवावें लागतें, तो प्रवास म्हणजे एक लहानसा प्रपंचच होय. आणि प्रपंचांतून चार घटका सुटावें म्हणून दुसरा प्रपंच मांडावा, ही गोष्ट मला कधींच पटली नाहीं. आमचे कित्येक स्नेही सेवानिवृत्त झाल्यावर युरोपची यात्रा करून आले. त्यांनीं दाखविलेलीं छायाचित्रें मीं भक्तिभावानें पाहिलीं. परंतु अकरा दिवसांत सात देश पाहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा शीण पाहून मला स्वित्झर्लंडचा मोह न होतां माझ्या आरामखुर्चीचाच मोह झाला. एका दिवसाच्या सहलीचें तसें नसतें. एक पिशवी, दोन डबे, पाण्याची बाटली, छत्री आणि परतीचें तिकीट, एवढ्यावर तिचें भागतें. त्यांतही परतीचें तिकीट खिशांत असलें कीं माणूस किती धीट होतो! रात्रीं आपण आपल्याच उशीवर डोकें टेकणार ही खात्री असली म्हणजे ऊन लागत नाहीं, चढ जाणवत नाहीं, आणि टपरीवरचा पाणचट चहासुद्धां गोड लागतो.

नोकरीच्या निमित्तानें नागपूर, जळगांव, सोलापूर अशी भ्रमंती करून आम्ही पतिपत्नी पुण्यास परत आलों, तेव्हांपासून रविवारचा हा क्रम सुरू झाला. मुलें आपापल्या उद्योगाला लागून दूर गेलेलीं. रविवार इतर वारांहून निराळा वाटावा असें घरांत कांहीं उरलें नव्हतें. मग एकदां सासवडला जाऊन संगमेश्वराच्या घाटावर बसून आलों. एकदां यवतजवळच्या भुलेश्वराच्या देवळांत स्त्रीरूपांतला गणेश शोधून काढला. सिंहगडावर पिठलें-भाकरी आणि मडक्यांतलें दहीं खाण्याचा कार्यक्रम तर इतक्या वेळां झाला कीं, तानाजीची समाधि पाहायची राहूनच गेली आहे हें आमच्या ध्यानांत तिसऱ्या खेपेस आलें.

या सहलींत स्थळ कोणतेंही असो, आमच्या बोलण्याचा विषय मात्र एकच असे, आणि तो म्हणजे आमचें कॉलेज. आम्ही दोघें एकाच वर्गांत होतों. १९७८ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून आम्ही बी. ए. झालों, तिचा विषय इतिहास, माझाही इतिहास. तिनें तो आवडीनें घेतला होता आणि मीं तो गणित टाळण्यासाठीं घेतला होता, एवढाच काय तो फरक. गाडी शिवाजीनगरहून हलली कीं आमचें बोलणें वळणावळणानें कॉलेजच्या फाटकाशीं जाऊन पोंचे. मग मागची ती टेकडी येई. परीक्षा संपल्याच्या संध्याकाळीं तिच्यावर जमलेली मंडळी येई. वाडिया ग्रंथालयांतलें तें टेबल येई, जेथून मुलींचें टेबल नीट दिसत असल्यामुळें तेथें बसणाऱ्या मुलांचा अभ्यास कधींच पुरा होत नसे. गुडलकमधला मस्का-पाव आणि एका कपांत दोघांनीं वांटून घेतलेला चहा हीं तर अगदीं ठरलेलीं स्थानकें. हजेरी घेतांना एका मुलानें तीन मित्रांच्या नांवानें तीन निरनिराळ्या आवाजांत ‘हजर’ म्हटल्याची गोष्ट मीं किती वेळां सांगितली असेल, याचा हिशेब माझ्या पत्नीजवळ आहे. ‘आतां चौथा आवाज काढूं नका म्हणजे झालें,’ असें ती मधूनमधून म्हणते.

त्या काळीं आम्ही एकमेकांस ‘तुम्ही’ म्हणत असूं. लग्न झाल्यावर आठ दिवसांच्या आंत मी ‘तूं’वर उतरलों, ती मात्र अजून ‘तुम्ही’वरच आहे. तेव्हां मला यांत प्रेमाची प्रगति दिसली होती. ती एकाच बाजूनें झाली होती, हें मात्र सुचलें नव्हतें.

माझें सारें आयुष्य बँकेंत गेलें. त्यामुळें कॉलेजच्या आठवणींकडे मी एक जुनी ठेव म्हणून पाहत आलों. मूळ रक्कम क्षुल्लक असते. दोन-चार प्रसंग, पांच-दहा चेहरे, एखाद्या पावसाळी दुपारचा वास. परंतु माणूस ती मोडीत नाहीं, आणि वर्षानुवर्षें तिच्यावर व्याज चढत जातें. सरतेशेवटीं मूळ ठेव केवढी होती हें खातेदारालाही सांगतां येत नाहीं. माझ्या खात्यांतली सर्वांत मोठी ठेव म्हणजे कार्ल्याची सहल.

ती गोष्ट अशी. १९७७ च्या डिसेंबरांत आमच्या प्रोफेसरांनीं वर्गाची सहल कार्ल्याच्या लेण्यास नेली. तोंवर माझें तिच्याशीं एक अक्षरही बोलणें झालें नव्हतें. इतर मुलें-मुली चैत्यगृहांत शिरून आवाजाचा प्रतिध्वनि येतो कीं काय हें पाहण्यांत गुंतलीं होतीं. ही मात्र बाहेर, दर्शनी भिंतीवर कोरलेल्या एका स्त्रीपुरुषाच्या जोडीकडे टक लावून उभी होती. मी धीर करून जवळ गेलों आणि म्हणालों, ‘दोन हजार वर्षें झालीं, पण यांचें भांडण कांहीं झालेलें दिसत नाहीं.’ त्यावर ती लाजली, तिचा चेहरा आरक्त झाला, आणि एक शब्दही न बोलतां ती आंत निघून गेली. बस्स! पुढचें सारें त्या आरक्त चेहऱ्यावर उभें राहिलें.

ही गोष्ट मी आमच्या नात्यांतल्या प्रत्येक लग्नांत सांगत आलों. पंगत उठल्यावर पानसुपारीच्या वेळीं कोणीतरी म्हणावें, ‘काका, तुमची ती कार्ल्याची गोष्ट होऊन जाऊं द्या’. मीं नाहीं-होय करावें. मुलींनीं आग्रह धरावा, आणि ‘आरक्त’ या शब्दाशीं मीं क्षणभर थांबावें, असा शिरस्ताच पडून गेला. पत्नी शेजारीं बसून ऐके. तिच्या चेहऱ्यावर अशा वेळीं एक स्मित असे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे असें मी समजत होतों.

इतक्या सहली झाल्या, परंतु कार्ल्यास जाणें मात्र राहिलें होतें. घरांतला देव पाहायला माणूस वेळ काढीत नाहीं, तसेंच कांहीं तरी. गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं तिनेंच विषय काढला, आणि आम्ही लोणावळ्याच्या लोकलमध्यें बसलों. ही लोकल १९७८ सालीं सुरू झाली. म्हणजे आम्ही कॉलेजांतून बाहेर पडलों आणि ही आली. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड हीं गांवें आतां एकमेकांत इतकीं मिसळून गेलीं आहेत कीं, फलाटावरची पाटी वाचल्यावांचून एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें समजत नाहीं. तळेगांव गेल्यावर मात्र डबा थोडा मोकळा झाला. कामशेतच्या आसपास भात कापून झालेलीं पिंवळीं खाचरें दिसूं लागलीं, आणि मी उत्साहानें हजेरीच्या गोष्टीला प्रारंभ केला. ती खिडकीबाहेर पाहत होती.

मळवलीला उतरलें कीं एका अंगाला भाजें आणि दुसऱ्या अंगाला कार्लें. विद्यार्थिदशेंत आम्ही हा रस्ता गाणीं म्हणत पायीं तुडविला होता. आतां इंद्रायणीचा पूल ओलांडून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रिक्षा केली, आणि त्याबद्दल दोघांपैकीं कोणीही खेद व्यक्त केला नाहीं. पायऱ्यांवर एकवीरेच्या भक्तांची रीघ लागलेली होती. कोळी बांधव सहकुटुंब आले होते. कोणाच्या खांद्यावर मूल, कोणाच्या काखेंत कोंबडा. दुतर्फा नारळ-ओटीचीं, पेढ्यांचीं, खेळण्यांचीं दुकानें. दर वीस पायऱ्यांवर एक विसांवा, या प्रमाणानें आम्ही चढलों. लेणें पाहायला आलेलें असें आमच्याखेरीज त्या गर्दींत फारसें कोणी नसावें. लेण्याच्या तोंडाशींच देवीचें देऊळ असल्यामुळें दर्शनाची रांग चैत्यगृहाला वळसा घालून जाते. चार पावलांवर भरतखंडांतलें सर्वांत मोठें कोरीव चैत्यगृह उभें आहे आणि रांगेंतलें लक्ष मात्र देवीकडे आहे, याचा मला पूर्वीं राग येत असे. आतां येत नाहीं. लेणें कोरलें गेलें तेव्हांही लोक येथें भक्तीसाठींच येत होते. इतिहासाचा पेपर सोडविण्यासाठीं आम्हीच तेवढे आलों होतों.

चैत्यगृहांत पाऊल टाकलें आणि बोलणें आपोआप थांबलें. सुमारें १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असा तो डोंगराच्या पोटांतला मंडप. दोन्ही बाजूंना आणि स्तूपाच्या मागें मिळून ३७ खांब. खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेलीं जोडपीं. आणि वर, छताला लागून, मुळच्या लांकडी कमानी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतलें हें लांकूड. माझ्या घराच्या खिडकीची चौकट दहा वर्षांत वाळवीनें खाल्ली. खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत धेनुकाकटाहून आलेले यवनही आहेत. प्रोफेसरांनीं हें सारें तेव्हां सांगितलें होतें म्हणे. मला त्यांतलें कांहींही आठवत नव्हतें. मी पत्नीला तसें म्हणालों आणि मागें वळून पाहिलें, तर ती तेथें नव्हती.

ती बाहेर, दर्शनी भिंतीजवळ, त्या जोडीसमोर उभी होती. तीच जागा, तीच मान वर केलेली. मला गहिंवरून आलें. भिंतीवरचीं तीं दोघेंही होतीं तशींच उभीं होतीं: पुरुषाच्या डोक्याला पागोटें, स्त्रीच्या पायांत जाडजूड तोडे, आणि कोठें अवघडलेपणाचा लवलेश नाहीं. मध्यंतरीं, पुढल्या शतकांत, भिंतीच्या मोकळ्या जागीं बुद्धमूर्ति कोरल्या गेल्या. या जोडप्यांनीं थोडें सरकून त्यांना जागा करून दिली असावी असें वाटतें. मी हळूच जवळ गेलों आणि माझें तें ठेवणींतलें वाक्य उच्चारणार, इतक्यांत तिनें हात वर करून मला थांबविलें.

‘जरा थांबा. वाचतें आहें.’

तिच्या हातांत एक लहान वही होती. ती वही मीं स्वयंपाकघरांत फळीवर दोन वर्षें पाहत होतों आणि दुधाचा हिशेब म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करीत होतों. तिनें ती माझ्यापुढें धरली. पानापानांवर ब्राह्मी अक्षरें काढलेलीं होतीं. आधीं अडखळत काढलेलीं, मग सफाईदार. सेनार नांवाच्या फ्रेंच पंडितानें कार्ल्याचे सगळे लेख ‘एपिग्राफिआ इंडिका’च्या सातव्या खंडांत छापले आहेत; ते जुने खंड आतां घरबसल्या संगणकावर वाचतां येतात, आणि हें तिला मुलीनें दाखवून दिलें होतें. मी दुपारीं झोपत असे, तेव्हां हा उद्योग चाले.

‘हें पाहा,’ ती म्हणाली, ‘वर्तुळ आणि त्याच्या मध्यें टिंब. हा थ. खालीं रेघ आहे, म्हणून थु. त्याच्या आधींचा मि. आणि ही उभी रेघ, खालीं आडवी रेघ, हा न. मिथुन. एका भिक्षूनें हें जोडपें दान दिलें आहे.’

‘भिक्षूनें? संसार सोडलेल्या माणसानें जोडपें दान द्यावें ही मौज आहे,’ मी म्हणालों. एवढें बोललों आणि माझ्या मनांत कांहीं तरी लखकन चमकून गेलें. ‘म्हणजे तेव्हां तूं...’

‘तेव्हां हेंच पाहत होतें. प्रोफेसरांनीं गाडींत सगळ्यांना अक्षरांचा एकेक कागद वांटला होता. तुम्ही तुमच्या कागदाचें काय केलेंत?’

मला आठवलें. त्यांत मीं शेंगांचीं टरफलें बांधलीं होतीं.

‘मला पहिलें अक्षर लागलें होतें,’ ती म्हणाली. ‘थ. आयुष्यांत वाचलेलें पहिलें अक्षर. पुढचें लावीत होतें, तेवढ्यांत तुम्ही आलांत आणि भांडणाबद्दल कांहीं तरी बोलूं लागलांत.’

‘आणि तूं लाजलीस.’

‘लाजलें नव्हतें. रागावलें होतें.’ ती हंसली. ‘पुढें तुम्ही आवडूं लागलांत, तें निराळें. पण त्या दिवशीं रागावलें होतें.’

मी तेथल्या एका दगडावर बसलों. पन्नास वर्षांची ठेव माझ्यादेखत बुडाली होती, आणि गंमत अशी कीं हंसूंही येत होतें. असें कां सांगितलें नाहींस, असें मीं तिला विचारलें. ‘तुम्ही सांगत होतां तें सगळ्यांना आवडे,’ ती म्हणाली. ‘मलाही आवडे. एवढेंच वाटे कीं, तुमच्या गोष्टींत मी नुसती भिंतीकडे पाहत उभी असें. काय पाहत असें, हें कोणी विचारीत नसे.’

मग जरा वेळानें, डब्याचें झांकण उघडतां उघडतां, सहज बोलावें तशी ती बोलली, ‘डेक्कन कॉलेजचा अर्ज आणला होता मीं. तुम्हांला आठवतो?’

मला आठवला नाहीं. आणि मग, ज्या गोष्टी आठवूं नयेत असें वाटतें त्या येतात तसा, एकेक तुकडा करून आठवूं लागला. १९७९ सालीं आमचें लग्न झालें आणि आम्ही नागपूरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलें. डॉ. सांकलियांनीं नांवारूपाला आणलेला डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग, तेथें एम. ए. करावें, दोन वर्षें माहेरीं राहावें, सुट्टींत नागपूरला यावें, असा तिचा विचार होता. तिनें तो मला एका सकाळीं बोलून दाखविला होता. मी दाढी करीत होतों. आरशांत पाहत मी म्हणालों होतों, ‘पुढच्या वर्षीं पाहूं.’ हें वाक्य मी पुढें तीस वर्षें बँकेंत कर्ज मागणाऱ्यांना ऐकवीत आलों. त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक आहे. पुढच्या वर्षीं थोरला झाला. अर्ज ट्रंकेच्या तळाशीं अंथरलेल्या वर्तमानपत्राखालीं गेला, आणि सोलापूरच्या बदलीच्या वेळीं ट्रंकच मोडींत निघाली.

तिला मना कोणीं केलें नाहीं. सासूनें नाहीं, बापानें नाहीं, मींही नाहीं. कोणीं मना केलें असतें तर निदान भांडण करायला जागा राहिली असती. टेकडीची, ग्रंथालयाची, चहाची गोष्ट आम्ही दोघें मिळून इतक्या रविवारीं बोलत आलों; परंतु माझ्या कॉलेजची गोष्ट पदवीच्या कागदाशीं सुखानें संपत होती, आणि तिची तेथें संपत नव्हती, मध्येंच तुटत होती. एका बांकावर बसून, एकच डबा खात, आम्ही दोन निरनिराळ्या कॉलेजांविषयीं बोलत होतों.

कांहीं बोलावें म्हणून मी तोंड उघडलें, पण शब्द आला नाहीं. ‘आतां तोंड पाडून बसूं नका,’ ती म्हणाली. ‘अजून व्हरांड्यांतला भूतपालाचा लेख राहिला आहे. पोळी खा आणि उठा.’

तो लेख वाचायला तिला पाऊण तास लागला. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें करविलें, आणि जंबुद्वीपांत तें उत्तम आहे, असें त्यांत म्हटलेलें आहे. श्रेष्ठीची ही बढाई ऐकून मला बरें वाटलें. आपल्यासारखा कोणी तरी भेटला असें झालें. मी छत्री उघडून तिच्यावर धरली होती, कारण ऊन तिरपें होऊन डोळ्यांवर येत होतें. दर्शनाच्या रांगेंतल्या एका कोळी आजीनें तिला विचारलें, ‘काय लिवलंय गो बाय तिथं?’ तिनें तें समजावून सांगितलें. मग दार कोणीं घडविलें तेंही सांगितलें: धेनुकाकटाचा एक सुतार, त्याचें नांव सामी. आजीनें मान डोलावली. ‘सुताराचं नाव ठेवलंय, बरं केलं,’ ती म्हणाली आणि रांगेबरोबर पुढें सरकली.

परतीच्या गाडींत बसायला जागा मिळाली. मी हजेरीची गोष्ट काढली नाहीं. वडगांव गेल्यावर मीं खिशांतून परतीचें तिकीट काढलें, त्याची मागची कोरी बाजू वर केली आणि तिच्या वहींतली पेन्सिल मागून घेतली. ‘मि’ कसाबसा जमला. मग एक वर्तुळ काढलें, त्याला खालीं रेघ दिली, शेजारीं ‘न’ काढला आणि तिकीट तिच्यापुढें धरलें.

तिनें चष्मा वर सारून पाहिलें. ‘हें मिठुन झालें,’ ती म्हणाली. ‘नुसतें वर्तुळ म्हणजे ठ.’

आणि माझ्या हातांतून पेन्सिल घेऊन तिनें त्या वर्तुळाच्या मधोमध टिंब दिलें.